लसीकाशोफ आणि ‘नये’चे शिक्षण

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, किरणोपचारही आटोपले, म्हणजे रुग्ण स्त्री संकटातून पार पडली, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु कित्येक स्त्रियांच्या बाबतीत याच सुमारास, किंवा याहून काही महिन्यांनी वा वर्षांनी, एका नव्या विकाराचा प्रारंभ होतो. झंपराची बाही एकाच हाताला दाटू लागते, बांगडी मनगटावरून उतरेनाशी होते, सायंकाळी हात जड वाटतो. हाच लसीकाशोफ होय. २०१३ साली अनेक देशांतील पाहण्यांचे जे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यानुसार या रोगातून वाचलेल्या सुमारे पाच स्त्रियांपैकी एकीस हा विकार जडतो. काखेतील मोजक्याच लसीकाग्रंथी काढून तपासणे आणि तेथील बहुतेक ग्रंथी काढून टाकणे, या दोन पद्धतींची तुलना करता दुसऱ्या पद्धतीत त्याचे प्रमाण सुमारे चौपट आढळले. हा विकार आटोक्यात ठेवता येतो, पण तो बहुधा समूळ जात नाही. म्हणून त्याच्या बाबतीत औषधापेक्षा शिक्षणाचे महत्त्व अधिक आहे. या शिक्षणाचे स्वरूप व त्याची भाषा यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या विकाराची मूळ प्रक्रिया ध्यानात घेतली पाहिजे. रक्ताभिसरणामागे हृदय आहे. लसीकेच्या अभिसरणामागे तसे एखादे स्वतंत्र इंद्रिय नाही. लसीकावाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, आसपासचे स्नायू त्यांना दाबतात, श्वासोच्छ्वासाने छातीतील दाब कमीअधिक होतो, आणि वाहिन्यांतील झडपांमुळे द्रव मागे न फिरता पुढेच सरकतो. काखेतील ग्रंथी काढल्या अथवा किरणांनी आक्रसल्या, की हा मार्ग अरुंद होतो व प्रथिनयुक्त द्रव हातात साचू लागतो. यावरून दोन परस्परविरुद्ध अनुमाने निघू शकतात. हाताने काम केले की रक्तपुरवठा वाढतो व लसीकाही अधिक उत्पन्न होते, सबब हाताला विश्रांती द्यावी, हे एक अनुमान. स्नायूंच्या हालचालीनेच लसीका पुढे ढकलली जाते, सबब हात चालता ठेवावा, हे दुसरे. स्तनावरील मूलगामी शस्त्रक्रियेचे प्रवर्तक हॉल्स्टेड यांनी १९२१ साली या सुजेवर लिहिताना तिला हत्तीरोगाचे नाव दिले. त्या नावातील भीती पुढील पिढ्यांच्या मनात राहिली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पहिल्या अनुमानाचाच वरचष्मा होता.

या अनुमानातून रुग्णशिक्षणाची एक विशिष्ट भाषा घडली. जड वस्तू उचलू नये. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. त्या हातात सुई टोचून घेऊ नये. फार श्रम करू नये. या वाक्यांचा विशेष असा की, त्यांत कर्ता नाही, कारण नाही आणि परिमाणही नाही. जड म्हणजे किती, कोणासाठी, किती दिवस, यांचे उत्तर ‘नये’ देत नाही. शिवाय सबळ पुराव्यावर आधारलेली सूचना आणि केवळ सावधगिरीची सूचना या दोहोंना ते एकाच पंक्तीत बसवते. २०१६ साली बोस्टन येथील एका रुग्णालयातील सहाशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाब मोजणे, रक्त काढणे, इंजेक्शन घेणे अथवा विमानप्रवास यांचा सुजेशी उल्लेखनीय संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो काखेतील ग्रंथी काढण्याशी, तेथील किरणोपचारांशी, अधिक वजनाशी आणि त्वचेच्या जंतुसंसर्गाशी. अर्थात ‘नये’च्या यादीत काही कलमे यथार्थ आहेत व काही निराधार आहेत, परंतु वाचणाऱ्या स्त्रीला तो भेद कळण्याची सोय नाही.

श्रमाच्या निषेधाची परीक्षाही झाली आहे. १९९६ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे या रोगातून गेलेल्या स्त्रियांनी लांब होड्या वल्हविण्याचा सराव आरंभिला. हाताला इतके श्रम देऊनही भाकीत केलेला अनर्थ ओढवला नाही. मात्र हे उदाहरण झाले, प्रमाण नव्हे. प्रमाण मिळाले ते फिलाडेल्फिया येथील प्रयोगांतून. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम, देखरेखीखाली व हळूहळू भार वाढवीत, देण्यात आला. त्यांची सूज इतरांहून अधिक वाढली नाही. उलट विकार उसळण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्के, तर न करणाऱ्यांत २९ टक्के होते. त्यानंतर वर्षभराने सूज नसलेल्या १५४ स्त्रियांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यांतही व्यायामाने सूज उद्भवते या समजुतीस आधार मिळाला नाही.

या निष्कर्षांचा अर्थ प्रत्यक्ष जीवनात काय होतो, हे मीरा-भाईंदरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर वस्ती असलेल्या या शहरातील अनेकांच्या दृष्टीने कर्करोगाचे रुग्णालय म्हणजे १९४१ साली परळ येथे उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय. तेथे जाणे म्हणजे पश्चिम रेल्वेच्या गर्दीत दांडी धरून उभे राहणे. घरी परतल्यावर पाण्याची बादली, कडेवरचे मूल, कणकेचा गोळा ही कामे वाट पाहत असतात. उत्तनच्या कोळीणीला मासळीची पाटी उचलल्यावाचून पोट भरता येत नाही. अशा स्त्रीला ‘जड उचलू नये’ असे सांगणे म्हणजे पहिल्याच दिवशी मोडावा लागेल असा नियम घालून देणे होय. ती तो मोडते, आणि पुढे कधी हात सुजलाच, तर दोष शस्त्रक्रियेचा अथवा किरणांचा न मानता स्वतःचा मानते. जिला नियम पाळणे परवडते, तिचा हात दुर्बळ होतो व साध्या कामानेही शिणू लागतो. दोहोंपैकी कोणताही परिणाम शिक्षणाला भूषणावह नाही.

याच कोळीणीच्या बाबतीत ‘नये’ची खरी जागाही दिसून येते. मासळीचा काटा बोटात रुतणे, ही तिच्या दृष्टीने रक्तदाबाच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी मोठी धोक्याची गोष्ट आहे. कारण तेथून जंतुसंसर्ग शिरतो व संसर्गाने सूज बळावते. हातमोजा घालावा, टोचल्यास जखम तत्काळ धुवावी, हात लाल व ऊन होऊन ताप आला तर त्याच दिवशी वैद्याकडे जावे, हे तिला आधी कळले पाहिजे. किनाऱ्यावरील दमट हवेत दाबाची घट्ट बाही घातली असता घामोळे उठते, हेही सांगणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे.

तथापि निषेधाचा त्याग करताना व्यायामाला रामबाण उपाय ठरविणे हीदेखील चूकच होईल. २०२१ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. केवळ माहिती दिलेल्या स्त्रियांत दीड वर्षानंतर ५८ टक्के, आणि माहितीबरोबर व्यायाम व दाबाची बाही दिलेल्या स्त्रियांत ५५ टक्के, सुजेपासून मुक्त होत्या. हा फरक नगण्य होय. म्हणजे व्यायाम केला की सूज येणारच नाही, असे वचन कोणत्याही शिक्षकाने देऊ नये. तसे वचन दिल्यास ‘नये’ने निर्माण केलेला अपराधभाव ‘करा’च्या रूपाने पुन्हा उभा राहील.

सारांश, व्यायाम की विश्रांती हा आजचा खरा वाद नव्हे. हात वापरणे सुरक्षित आहे. भार क्रमाक्रमाने वाढवावा. हात जड, ताठ वा दुखरा वाटला तर भार उतरवावा व व्यायामोपचारतज्ज्ञास दाखवावा. सूज आधीपासून असल्यास बाहीविषयी त्याचा सल्ला घ्यावा, इतके आता पुराव्यानिशी सांगता येते. उणीव आहे ती हे ज्ञान प्रत्येक स्त्रीच्या कामाच्या मापाने सांगण्याची. त्यासाठी शिक्षकाने आधी तिला विचारले पाहिजे की, ती दिवसभरात काय उचलते, केव्हा उचलते आणि कोणाच्या मदतीने. पाटी अर्धी भरून आरंभ करावा व आठवड्यागणिक भर घालावी, हे वाक्य तिच्या हाती एक माप देते. ज्या शिक्षणात असे माप नाही, ते विज्ञानाच्या दृष्टीने निर्दोष असले, तरी शिक्षण या नावास अपुरेच ठरते.