बॅबिटचं झेनिथ आणि आपला प्लॉटवाला

मागे ऐकू येतंय ना? बरं. बाहेर गाड्यांचा आवाज आहे, म्हणून जरा मोठ्याने बोलतो.

आजचा विषय जमिनीचा आहे म्हटल्यावर काही जणांना वाटलं असेल की सातबारा, फेरफार, एनए यांची माहिती मिळेल. ती थोडी येईल. पण मी साहित्याचा माणूस. मी आज एका कादंबरीबद्दल, एका चित्रपटाबद्दल आणि एका प्रकारच्या लेखनाबद्दल बोलणार आहे. हे लेखन आपण सगळे रोज वाचतो, पण त्याला कुणी लेखन म्हणत नाही. खोपोलीहून कर्जतला किंवा पालीला निघा, दोन्ही बाजूंना ते उभं असतं. फलकांवर, पत्रकांवर, व्हॉट्सॲपवर. 'निसर्गाच्या कुशीत', 'डोंगराच्या पायथ्याशी', 'मुंबई-पुण्याच्या मधोमध'. प्लॉटची जाहिरात.

आधी कादंबरी. अमेरिकेतल्या सिंक्लेअर लुईस या लेखकाने १९२२ साली 'बॅबिट' नावाची कादंबरी लिहिली. साहित्याचं नोबेल मिळालेला हा पहिला अमेरिकन लेखक, साल १९३०. त्या देशाच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे मिडवेस्टमध्ये, एक मध्यम आकाराचं शहर त्याने कल्पिलं. शहराचं नाव झेनिथ. (हशा) हसणारच तुम्ही. आपल्याकडे झेनिथ म्हटलं की खोपोलीचा पाइपचा कारखाना आठवतो आणि पावसाळ्यात धबधबा. तर त्या झेनिथमध्ये जॉर्ज बॅबिट हा घरं-जागा विकणारा माणूस. वय सेहेचाळीस. बायको, तीन मुलं, गाडी, क्लब. वाईट माणूस नाही. मित्रासाठी जीव टाकतो, घरच्यांवर चिडतो आणि लगेच वरमतो. आपल्या शहराबद्दल तासभर भाषण ठोकू शकतो.

लुईसने या माणसाचा धंदा फार बारकाईने दाखवलाय. दोन प्रसंग सांगतो. एका छोट्या किराणा दुकानदाराला दुकान वाढवायचंय, हे बॅबिटच्या आधी लक्षात येतं. तो एका पैसेवाल्याला सांगतो, शेजारची जागा घेऊन ठेव. मग दुकानदाराला तीच जागा अव्वाच्या सव्वा किमतीला घ्यावी लागते. बॅबिटला त्यात दलाली मिळते. दुसरा प्रसंग. ट्रामची कंपनी एका उपनगरात दुरुस्तीचे कारखाने काढणार असते. ती जागा घ्यायला जाते, तेव्हा कळतं की बॅबिटच्या पेढीने आधीच त्या जागांचे इसार करून ठेवलेत. कंपनीचे साहेब ओरडतात, कोर्टात जाऊ म्हणतात, पण कोर्टात कुणीच जात नाही. का जात नाही, ते वाचकाने ओळखायचं.

हे वाचताना मला शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका दिसली नाही, खालापूर तालुका दिसला. पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्या मार्गावरची मोहोपे, चौक ही नावं आपल्या ओळखीची. २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची अधिसूचना निघाली, त्याच वर्षी पाली रस्त्याला थीम पार्क सुरू झालं. प्रत्येक वेळी नकाशा गावात पोचायच्या आधी इसाराचे पैसे पोचले होते की नाही? मी कुणाचं नाव घेत नाही. तुम्ही मनात घेतलंत तेवढं पुरे.

आणखी एक तपशील. बॅबिटने वसवलेल्या वसाहतीची जाहिरात झकास आहे, फक्त सांडपाण्याला पुरेशी वाट नाही. लुईस हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. आपल्या सेकंड होमच्या वसाहतींमागे पावसाळ्यात जरा फिरून या, त्या एका वाक्याचं वजन कळेल.

आता चित्रपट. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न', २०१८. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जमीन विकलेला बाप, मोहन जोशींनी काय केलाय तो! ज्या जमिनीचा मालक होता त्या जमिनीवर राखणदार, मग शहरात हमाल. आणि ओम भूतकरचा राहुल, त्या अपमानातून गुन्हेगारीत गेलेला मुलगा. या चित्रपटाने मोठं काम केलं. जमीन विकणं म्हणजे नुसता व्यवहार नाही, त्यात एका घराची इज्जत जाते, हे त्याने थिएटरमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या पोरांनाही कळवलं. 'मुळशी पॅटर्न' हा बोलण्यातला शब्द झाला. समीक्षकांनी लिहून हे होत नाही.

पण माझी तक्रार आहे, आणि ती प्रेमाची आहे. चित्रपट म्हणतो, जमीन गेली की पोरगा कोयता उचलतो. आपल्या आजूबाजूला बघा. किती पोरांनी कोयता उचलला? बहुतेकांनी मोबाइल उचलला. कुणी जेसीबी घेतला, कुणी पाण्याचा टँकर, कुणी वसाहतीच्या राखणदारीचा ठेका. आणि सगळ्यात जास्त पोरं झाली एजंट. चुलत्याची जमीन दाखव, मामाची दाखव, गिऱ्हाइकाला मोटारसायकलवर बसवून बांधापर्यंत ने, साठेखताच्या दिवशी हजर राहा, एक-दोन टक्के घे. त्यात ना गोळीबार, ना पाठलाग. म्हणून त्याचा चित्रपट होत नाही. शोकांतिकेला रक्त लागतं, अशी आपली समजूत. आपल्या तालुक्याची गोष्ट मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, चहा पीत, हसतखेळत घडते.

कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवले की हा फरक दिसतो. तरडे विकणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात, आणि दलाल बाहेरचा, खलनायक. लुईस दलालाच्या आत जाऊन बसतो. सकाळी उठल्यावर त्याला काय वाटतं, दाढी करताना कशाचा राग येतो, रात्री झोपताना कशाची भीती वाटते. मराठीत आपल्याकडे उजाड होणारं गाव आहे, गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' १९५५ सालची आहे. नाडलेला शेतकरी तर कितीतरी पुस्तकांत आहे. पण गावातला एजंट, आपला भाचा, आपला वर्गमित्र, तो आतून लिहिलेला माझ्या वाचनात नाही. त्याला आपण एक तर शिवी देतो, नाही तर त्याच्याकडून काम करून घेतो. समजून घेत नाही.

आणि समजून घेण्यासारखं आहे. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रात्रीच्या अंधारात, पावसात, चिखलातून डोंगर चढून आधी कोण गेलं? आसपासची पोरं, ट्रेकर मंडळी. त्याच पिढीतली, जिला आपण 'प्लॉटच्या मागे लागलेली' म्हणतो. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी ठाकरांची होती. जाहिरातीच्या भाषेत डोंगर म्हणजे 'व्ह्यू'. डोंगराखाली राहणाऱ्याला पावसाळ्यात डोंगर वेगळा दिसतो. एकाच तालुक्यात एकाच डोंगराचे हे दोन अर्थ आहेत, आणि पत्रकात एकच छापला जातो.

इथे मला 'बॅबिट'चीही मर्यादा दिसते. लुईसच्या झेनिथमध्ये जमीन जणू रिकामीच असते. ती आधी कुणाची होती, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. आपल्याकडे एक गुंठाही असा रिकामा नाही. या जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला. उपासमार सोसली, शेतं पडीक ठेवली. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. खोती कायद्याने गेली १९४९ मध्ये. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं मालक होऊ लागली. म्हणजे आजोबांच्या पिढीने जमीन मिळवली, बापाने कसली, नातवाने एकरातून गुंठे पाडले. आणि कातकऱ्यांची कितीतरी घरं आजही दुसऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत. जमीन विकली की त्यांची पायवाट जाते, विहीर जाते. खरेदीखतावर त्यांची सही लागत नाही. लुईसचा साचा उचलून इथे ठेवला तर ही माणसं त्यातून गळून पडतील. आपल्या लेखकाला एजंटही लिहावा लागेल आणि कुंपण पडल्यावर वळसा घालून जाणारी बाईही लिहावी लागेल.

आता जाहिरातीकडे येतो. हा लेखनप्रकार मी गांभीर्याने वाचतो. त्याचं व्याकरण ठरलेलं आहे. क्रियापद जवळजवळ नसतंच. 'रस्ता, वीज, पाणी.' पाणी आहे, की येणार आहे, की टँकरने आणणार आहात? क्रियापद घातलं की खरंखोटं करावं लागतं, म्हणून ते गाळायचं. दुसरं, माणसं नसतात. चित्रात एक कुटुंब, हिरवळ, छत्रीखाली खुर्ची. शेजारी गाव नाही. तिसरं, अंतर मिनिटांत. कुठल्या वेळची मिनिटं? रविवारी संध्याकाळी घाटातून येणाऱ्या माणसाला विचारा.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय, कारण असं एक पत्रक मी स्वतः लिहिलंय. आमच्या भाऊबंदांत अकरा गुंठे विकायचे होते. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही लिहिता ना, चार ओळी द्या." मी दिल्या. झुळझुळ ओढा लिहिला. तो ओढा मार्चमध्ये आटतो, मला लहानपणापासून माहीत होतं. झुळझुळ हा शब्द मात्र बारमाही असतो. (हशा) घेणारे नवराबायको पहिल्या उन्हाळ्यात आले आणि आमच्या वहिनीकडे पाण्याचा हंडा मागायला उभे राहिले. वहिनीने दिला. मला म्हणाली, "भावोजी, तुमचा ओढा आमच्या हंड्यातनं वाहतो आता." या धंद्यावरची इतकी चांगली समीक्षा मी दुसरी ऐकली नाही.

कायदा या लेखनाकडे माझ्याइतकंच गांभीर्याने बघतो. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. मूळ कायद्याचं बारावं कलम सांगतं की जाहिरातीतल्या खोट्या विधानामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागेल, त्याला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत द्यावे लागतील. म्हणजे 'झुळझुळ ओढा' हे पुरावा म्हणून वाचलं जाऊ शकतं. पण पाचशे चौरस मीटरच्या आतल्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. आणि मुख्य म्हणजे हे कलम घेणाऱ्यासाठी आहे. ज्या गावाचं पाणी, वहिवाट, गुरचरण त्या पत्रकातून गाळलं, त्या गावासाठी असं कलम नाही.

म्हणून शेवटी साजगावच्या यात्रेबद्दल बोलतो. कार्तिकी एकादशीला आपल्याकडे यात्रा भरते, बोंबल्या विठोबाची. सांगतात की तुकोबा मिरचीच्या व्यापाराला घाटाखाली इथपर्यंत यायचे. विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार, ही गोष्ट बाहेरच्याला सांगितली की त्याचा विश्वास बसत नाही. पण या भागाचं एकत्र राहणं तसंच आहे. समुद्राकडचे कोळी, घाटावरचे लोक, वाड्यांवरचे ठाकर-कातकरी, खोपोलीचे कामगार, सगळे एका बाजारात येतात आणि पावसाळ्याची बेगमी घेऊन जातात. एका नव्या वसाहतीतले गृहस्थ मला म्हणाले, "यात्रा छान आहे हो, पण वासाचं काहीतरी करायला हवं." मी रागावलो नाही. त्यांच्या पत्रकात 'प्राचीन मंदिर जवळ' एवढंच लिहिलं होतं. बोंबील कुणीतरी गाळला होता. माझ्यासारख्याच कुणीतरी.

एक प्रश्न आलाय, चिठ्ठीवर. "मग जमीन विकायचीच नाही का?" असं मी कसं म्हणेन? आजारपण येतं, लग्न येतं, पोरांचं शिक्षण येतं. ज्याचा सातबारा त्याचा निर्णय. माझं म्हणणं एवढंच आहे की विकताना पूर्ण लिहा. ओढा मार्चमध्ये आटतो, लिहा. या बांधावरून वाडीची वाट जाते आणि ती जाणार, लिहा. कार्तिकात पंधरा दिवस बोंबलाचा वास येतो, लिहा. तरी जो घेईल तो शेजारी होईल. बाकीचे नुसते गिऱ्हाईक.

बॅबिट शेवटी बंड करतो, फसतो, परत कळपात येतो. पण मुलगा कॉलेज सोडून आपल्या मनाचं काम करायला निघतो, तेव्हा तो मुलाच्या बाजूने उभा राहतो आणि कबूल करतो की स्वतःला हे कधी जमलं नाही. मी ते पान वाचलं आणि पुतण्याला फोन केला. नवं पत्रक काढतोय म्हणाला. मी म्हटलं, छापायच्या आधी वहिनीला वाचून दाखव.

इथे थांबतो.