शरीरातील चरबीचे मोजमाप : छापील आकड्यामागे काय असते?

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या अकरावीतल्या मुलीने मे महिन्याच्या सुट्टीत गावात नव्याने निघालेल्या फिटनेस सेंटरमध्ये नाव घातले. पहिल्याच दिवशी तिला अनवाणी एका यंत्रावर उभे केले, दोन्ही हातांत धातूच्या मुठी दिल्या आणि मिनिटभरात एक रंगीत छापील कागद हातावर ठेवला. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५४.२ किलो, शरीरातील चरबी ३१.४ टक्के, 'चयापचयाचे वय' २७ वर्षे. चरबीच्या आकड्यासमोर लाल पट्टी. 'पर्सनल ट्रेनिंग'चे तीन महिन्यांचे पॅकेज घेतले तर हा आकडा पंचविसाच्या आत आणून देऊ, असे सांगण्यात आले. पॅकेज परवडण्यासारखे नव्हते, त्यामुळे ते घेतले नाही. पण मुलीने त्या रात्रीपासून जेवण सोडले. काही दिवसांनी बाईंनी तो कागद आमच्याकडे पाठवला. सोबत एकच प्रश्न होता : 'यातला ३१.४ खरा आहे का?'

त्या कागदाचे परीक्षण करावे, एखाद्या पुस्तकाचे करतात तसे, असे आम्हाला तेव्हा वाटले. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती असे कागद आता वरचेवर पडू लागले आहेत, आणि त्यांच्यातले भौतिकशास्त्र दहावीच्या पलीकडचे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हे यंत्र चरबी मोजत नाही. ते वजन मोजते आणि शरीराचा विद्युतरोध मोजते. एका मिलिअँपिअरपेक्षाही क्षीण असा प्रत्यावर्ती प्रवाह, बहुधा सेकंदाला पन्नास हजार आवर्तनांचा, तळपाय आणि तळहात यांच्यामार्फत शरीरातून सोडला जातो. स्नायूंत भरपूर पाणी असते आणि त्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ते विजेचे बऱ्यापैकी वाहक असतात. चरबीत पाणी फार थोडे, म्हणून ती मंदवाहक. एकसारख्या जाडीच्या तारेचा रोध तिच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे आपण शिकवतोच. त्या सूत्रात क्षेत्रफळाच्या जागी आकारमान भागिले लांबी असे लिहिले की आकारमान हे लांबीचा वर्ग भागिले रोध याच्या प्रमाणात येते. यंत्र लांबीच्या जागी आपली उंची घालते आणि शरीरातल्या पाण्याचा अंदाज बांधते. चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे गृहीत धरून त्या उरलेल्या भागाचे वजन काढते, आणि ते एकूण वजनातून वजा करते. जी बाकी उरते तिला चरबी म्हणायचे.

म्हणजे चरबीचा आकडा हा वजाबाकीतून उरलेला आकडा आहे. आधीच्या सगळ्या पायऱ्यांवरच्या चुका त्याच्याच वाट्याला येतात.

आता माणसाचे शरीर ही काही एकसारख्या जाडीची तार नव्हे. मनगट आणि घोटा अरुंद, धड रुंद. धडात शरीराचे जवळजवळ निम्मे वस्तुमान असते, पण एकूण रोधातला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच भरतो. वर्गात हे सहज दाखवता येते. ४५० ओहमचा आणि ५० ओहमचा असे दोन रोध एकसरीत जोडा. धाकटा रोध दहा टक्क्यांनी बदलला तर एकूण रोध ५०० चा ५०५ होतो, म्हणजे एक टक्का. धाकटा रोध म्हणजे आपले धड. ज्या पोटाची काळजी वाहून माणसे सेंटरात जातात त्या पोटाविषयी हे यंत्र फारसे काही सांगू शकत नाही. तरीही त्या कागदावर 'अंतर्गत अवयवांभोवतीची चरबी, पातळी ६' असेही छापलेले होते. ती चरबी खरोखर पाहायची तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो.

पाण्याचे उदाहरण घेऊ. या मुलीच्या कागदाप्रमाणे तिच्या अंगात १७ किलो चरबी आणि ३७.२ किलो बाकीचे शरीर आहे. तिने यंत्रावर चढण्यापूर्वी एक लिटर पाणी प्यायले असते तर वजन ५५.२ किलो भरले असते. पाणी अजून पोटात, म्हणजे धडात, असल्यामुळे रोध जवळपास तोच राहिला असता. वजाबाकीनंतर चरबी १८ किलो, म्हणजे ३२.६ टक्के! प्यायलेले पाणी यंत्राने चरबीच्या खात्यावर मांडले. (पुष्कळ यंत्रांच्या समीकरणांत वजन हेही एक पद असते, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून काहीशी कमी येईल, दिशा मात्र हीच.) उलट घाम येईपर्यंत व्यायाम करून लगेच यंत्रावर उभे राहिले तर हातापायांतला रक्तप्रवाह वाढलेला असतो, त्वचा उष्ण असते, रोध कमी भरतो आणि चरबी घटलेली दिसते. नाव घालताना पाणी पिऊन आलेल्या माणसाची पहिली नोंद आणि तीन महिन्यांनी व्यायामानंतरची दुसरी नोंद शेजारी ठेवली, तर शरीरात तसूभर बदल न होताही 'प्रगती' छापून येईल. यात कोणी लबाडी करतो असे आम्ही म्हणत नाही. लबाडीची गरजच पडत नाही, ही खरी अडचण आहे.

मग मूळ समीकरणे आली कुठून? जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही, तेव्हा कोणत्या ना कोणत्या अप्रत्यक्ष पद्धतीला प्रमाण मानावे लागते. कित्येक दशके हा मान पाण्याखालच्या वजनाला होता. आर्किमिडीजच्या तत्त्वाने शरीराची घनता काढायची, आणि १९६१ साली सिरी यांनी मांडलेल्या समीकरणात घालायची : ४९५ भागिले घनता, वजा ४५०. चरबीची घनता ०.९ आणि उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, हे त्यातले गृहीत. घनता १.०५ असेल तर चरबी २१.४ टक्के येते, १.०६ असेल तर १७.०. घनतेत एक टक्का इकडे-तिकडे झाले की उत्तर चार टक्क्यांहून अधिक सरकते, आणि उरलेल्या शरीराचा तो १.१ चा आकडा मोजक्याच मृतदेहांच्या विश्लेषणाने पारखलेला. विद्युतरोधाचे यंत्र अशा पद्धतीशी, किंवा अलीकडे डेक्सा या क्ष-किरण तपासणीशी, ताडून बसवलेले असते. म्हणजे अंदाजावरचा अंदाज. व्यक्तिगणिक तीन-चार टक्क्यांची चूक त्यात नवलाची नाही. असे असता ३१.४ मधला तो दशांश चिन्हापुढचा ४ कोणत्या हक्काने छापला जातो? तापमापीवर ज्या रेघाच नाहीत त्यांच्यावरचे वाचन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे आपण गुण कापतो.

समीकरण कोणत्या लोकांवर बसवले, हा प्रश्न आपल्याकडे अधिकच महत्त्वाचा. बाईंनी सेंटरात जाऊन तो विचारलाही. प्रशिक्षकाला तो समजला नाही. यात त्याचा दोष नाही, कारण ही समीकरणे बहुधा कंपन्यांच्या तिजोरीतच राहतात. वाढत्या वयाच्या मुलामुलींत चरबीव्यतिरिक्त शरीरातले पाण्याचे प्रमाण आणि हाडांतले क्षार प्रौढांपेक्षा वेगळे असतात, तेव्हा प्रौढांचे समीकरण आणि प्रौढांच्या लाल-हिरव्या पट्ट्या सोळा वर्षांच्या मुलीला लावणे मुळातच गैर आहे. 'चयापचयाचे वय' या प्रकाराबद्दल काय बोलावे! वय आणि चरबीविरहित वजन यांतून विश्रांतीतला ऊर्जाखर्च अंदाजायचा, आणि तो सरासरी कोणत्या वयाचा असतो ते छापायचे. ही राशी कोणत्याही शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आमच्या पाहण्यात नाही.

शरीराची घडण तपासणेच व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्की यांनी १९४२ साली पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंची घनता मोजली. उंची-वजनाच्या तक्त्यांप्रमाणे त्यांतले सतरा जण लष्करात भरतीला अपात्र ठरत होते. घनतेवरून दिसले की ते वजन बहुतांशी स्नायूंचे आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यक-नियतकालिकात स्वतःचेच शेजारी-शेजारी छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, अगदी सारखा : २२.३. डेक्सा तपासणीत युडकिन यांची चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिक यांची २१.२. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही चरबी बाळगून असू शकतो आणि मधुमेहाकडे झुकू शकतो, हे त्या एका चित्राने जगापुढे ठेवले. वजनाचा काटा जे लपवतो ते जाणून घेण्याची इच्छा म्हणून रास्तच आहे. आमची तक्रार त्या इच्छेचा फायदा घेऊन विकल्या जाणाऱ्या दशांश चिन्हाशी आहे.

तेच यंत्र, तीच व्यक्ती, सकाळी उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, व्यायामापूर्वी, अशा ठरलेल्या स्थितीत दर महिन्याला नोंद घेतली तर बदलाची दिशा थोडीफार कळते, हे मान्य केले पाहिजे. त्याहून चांगला पुरावा मात्र प्रशिक्षकाच्या साध्या वहीत असतो : किती वजन घेऊन किती बैठका निघाल्या, किती जोर मारले. पहिल्या काही आठवड्यांत ही ताकद वाढते ती बहुतांशी चेतासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायूंची जाडी मागाहून वाढते. चांगला प्रशिक्षक हे जाणतो, आणि त्याच्या शिकवण्याला किंमत आहे. ज्यांना पोटाची काळजी आहे त्या प्रौढांना शिंप्याची टेप पुरते : भारतीय पुरुषांसाठी कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८०, या पलीकडे सावध व्हावे, असे मानतात. टेपही चुकते, दहा विद्यार्थ्यांनी एकाच मित्राची कंबर आळीपाळीने मोजून फळ्यावर लिहावी म्हणजे किती ते कळेल. पण ती आपली चूक लपवत नाही.

बाईंना उत्तर लिहिताना आम्ही एक गोष्ट तपासायला सांगितली होती. समीकरणात उंचीचा वर्ग येतो. ती उंची सेंटरात कशी घेतली? मुलगी म्हणाली, विचारली आणि मी सांगितली. तिने सांगितलेली उंची नववीच्या शाळेतल्या नोंदीतली होती. घरी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक आडवे धरून मोजली तेव्हा ती १६० भरली. साध्या समीकरणाने १५८ च्या जागी १६० घातले की चरबीविरहित शरीर अडीच टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ०.९ किलोने वाढते, आणि ३१.४ चे २९.६ होतात. पावणेदोन टक्के चरबी भिंतीपाशी उभी राहून गेली. हा हिशेब मुलीने स्वतः केला. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू झाल्याचे बाईंनी कळवले आहे. तो कागद आता त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लावलेला असून उंचीच्या रकान्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेला आहे.