रेमेदिओस व्हारो : पट्टी, कंपास आणि परदेश

परदेशी स्थायिक झालेल्या चित्रकाराकडून रसिकांच्या दोन ठरलेल्या अपेक्षा असतात. त्याने एक तर मागे सुटलेला देश रंगवावा, नाहीतर नवा देश आपलासा केल्याची खूण दाखवावी. रेमेदिओस व्हारो या स्पॅनिश चित्रकर्तीने यांपैकी काहीच केले नाही. दिएगो रिव्हेरा आणि फ्रिडा काहलो यांच्या चित्रांतून आपल्याला ओळखीचा झालेला मेक्सिको तिच्या चित्रांत जवळपास दिसत नाही. तरीही तिची शैली पक्व झाली ती मेक्सिकोतच. असे का झाले, हे पाहण्यासाठी तिच्या हाताचा प्रवास तपासावा लागतो.

व्हारोचा जन्म १९०८ साली कातालोनियातल्या आंग्लेस गावी झाला. वडील जलअभियंते होते. त्यांच्या कामामुळे कुटुंब स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत फिरत राहिले. मुलीला ते आपले यांत्रिक आराखडे गिरवायला देत. १९२४ साली ती माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत दाखल झाली. तिथेही यथार्थदर्शनाची कडक तालीम मिळाली. १९३७ साली कवी बेंजामँ पेरे याच्यासोबत ती पॅरिसला गेली, तेव्हा मात्र ही विद्या मागे पडली. अतिवास्तववाद्यांच्या त्या वर्तुळात योगायोगाला मान होता. ओल्या रंगावर कागद दाबून उचलायचा आणि उमटलेल्या डागांत आकृती शोधायची, ही त्यांची आवडती रीत. व्हारोची त्या काळातली चित्रे मंडळातल्या आणखी कुणाची म्हणूनही खपून जातील.

फ्रँकोच्या विजयाने स्पेनचे दार बंद झाले, जर्मन फौजांनी पॅरिस. १९४१च्या अखेरीस ती जहाजाने मेक्सिकोला निघाली. तिथली पहिली दहा वर्षे पोटासाठी गेली. बायर या औषध कंपनीसाठी तिने निद्रानाश, सांधेदुखी अशा विषयांवर जाहिरातचित्रे काढली आणि त्यांवर आईकडचे ‘उरांगा’ हे आडनाव घातले. १९४७ ते १९४९ या काळात ती व्हेनेझुएलात होती. तिथे हिवतापविरोधी मोहिमेसाठी तिने कीटकांची सूक्ष्म चित्रे रेखाटली. ही वर्षे वाया गेली असे मानण्याचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. डासाचा पाय चुकून चालत नाही. या मजुरीने तिच्या हातात वडिलांची पट्टी आणि कंपास परत आणून दिला.

व्हिएन्नाकडचा निर्वासित वाल्टर ग्रुएन याच्या आधारामुळे १९५२नंतर तिला पोटाची चिंता उरली नाही. १९५६ साली तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले. या चित्रांत पॅरिसचे डाग आहेत, पण त्यांना हद्द आखून दिलेली आहे : भिंतीचा पोपडा, झाडाची साल, धुके. चाके, कप्प्या, दोरे आणि माणसे मात्र आराखड्याच्या शिस्तीत येतात. ‘पक्ष्यांची निर्मिती’ (१९५७) या चित्रात घुबडासारखी स्त्री मेजाशी बसली आहे. तिचा कुंचला गळ्यातल्या व्हायोलिनला जोडलेला आहे, आणि भिंगातून आलेल्या ताऱ्याच्या प्रकाशाने कागदावरचा पक्षी सजीव होऊन उडतो. चमत्कार अशक्य आहे, पण त्याची जोडणी चोख आहे. म्हणूनच आपला त्यावर विश्वास बसतो.

परदेशवासाचा अनुभवही तिने असाच यंत्रात बसवला. ‘भटक्या’ (१९५७) मधला माणूस घरच अंगावर घालून चाकांवर निघाला आहे. आत पुस्तके, तसबीर, कुंडी, मांजरसुद्धा. एवढे सोबत घेणारा माणूस खरोखर निघाला आहे का, असा प्रश्न चित्र पाहताना पडतोच. ‘पृथ्वीचे वस्त्र भरताना’ (१९६१) मध्ये मनोऱ्यात कोंडलेल्या मुली हुकमाने कशिदा भरतात आणि तेच कापड फटींतून खाली ओघळून जग होते. त्यातली एक मुलगी घड्यांत आपल्या प्रियकराची भेट गुपचूप भरून घेते. त्रिपटातल्या पुढच्या चित्रात ती त्याच्यासोबत पळालेली दिसते.

१९६३ साली हृदयविकाराने व्हारो गेली, तेव्हा ती ५४ वर्षांची होती. पक्व निर्मितीला जेमतेम दशक मिळाले. त्या मुलीची सुटका मला व्हारोच्या शैलीचीच गोष्ट वाटते. टाके घालण्याची सक्ती होती, सुटकेची वाटही त्याच टाक्यांनी भरली गेली. निर्वासित कलावंताचे मोजमाप फक्त गमावलेल्या मुलखावरून करणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हा टाका निसटतो.