चौकोनी कंसातला तो १

डेटाबेसच्या एका कॉलममध्ये अख्खं एक्सएमएल पडलेलं असतं आणि आपल्याला त्यातली एकच व्हॅल्यू हवी असते. अशा वेळी बरीचशी ट्युटोरियल्स एकच तोडगा सांगतात: एक्सपाथ लिहा, शेवटी चौकोनी कंसात १ टाका, झालं काम. माझी तक्रार या १ बद्दल आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून एक्सएमएल हा वेगळा डेटाटाइप आहे. त्याच्या व्हॅल्यू() मेथडला एका वेळी एकच उत्तर लागतं. आपला पाथ एकापेक्षा जास्त जागी पोचू शकतो असं दिसलं, की ती क्वेरीच चालू देत नाही. मला हा नियम आवडतो. तो तुम्हाला विचारतोय, "इथे एकच व्हॅल्यू आहे, नक्की ना?" आणि आपण १ टाकून त्याला गप्प बसवतो.

बिघडतं काय ते बघा. रुग्णांच्या नोंदींसाठी एचएल७ चं सीडीए हे एक्सएमएल प्रमाण आहे. एकाच रुग्णाच्या फाइलमध्ये रक्तदाबाच्या तीन नोंदी असू शकतात. १ टाकल्यावर फाइलमध्ये जी आधी लिहिलीय ती मिळते. ती सगळ्यात जुनी किंवा ताजी असेलच असं नाही. मायएसक्यूएलचं एक्स्ट्रॅक्टव्हॅल्यू() तर तिन्ही आकडे मध्ये स्पेस टाकून एकाच ओळीत चिकटवून देतं!

पण खरं दुखणं पुढे आहे. आकडा नसेल तर सीडीएमध्ये नलफ्लेवर नावाच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तो का नाही हे लिहिता येतं. विचारलंच नाही याचा कोड वेगळा, विचारलं पण रुग्णाला माहीत नव्हतं याचा वेगळा. संशोधनात या दोन गोष्टी एक नाहीत. आपण मात्र फक्त आकड्याचा पाथ देतो, दोन्हीकडे सारखाच नल येतो आणि कोणीतरी मुद्दाम लिहून ठेवलेलं कारण तिथेच गळून पडतं. मायएसक्यूएलमध्ये याहून वाईट: रिकामा टॅग आणि नसलेला टॅग, दोन्हींना रिकामी स्ट्रिंग. एसक्यूएल सर्व्हरला रिकामा टॅग डेटटाइम म्हणून मागा, १ जानेवारी १९०० हातात येईल. वयाची सरासरी काढा मग!

(नेमस्पेस द्यायला विसरलात तर सगळंच रिकामं येतं. ते निदान लगेच लक्षात तरी येतं.)

त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे पोस्टग्रेएसक्यूएल १० मध्ये, २०१७ साली आलेलं एक्सएमएलटेबल. त्यात एकेका नोंदीची एकेक ओळ करता येते, आणि साध्या आकड्याच्या कॉलमला दोन व्हॅल्यू सापडल्या तर ते सरळ एरर देतं. एसक्यूएल सर्व्हरवर नोड्स() वापरून अशाच ओळी पाडता येतात. क्वेरी लांबते, हे कबूल. पण तारीख आणि नलफ्लेवर शेजारच्या कॉलममध्ये येतात, आणि कोणती नोंद घ्यायची हे तुम्ही ठरवता.

तुम्ही एखादा पेपर तपासत असाल आणि त्यात "एक्सएमएलमधून व्हॅल्यू काढल्या" एवढंच एक वाक्य असेल, तर दोनच आकडे मागा: किती रुग्णांच्या फाइलमध्ये एकापेक्षा जास्त नोंदी होत्या, आणि आलेल्या नलपैकी किती ठिकाणी कारण लिहिलेलं होतं.