‘यावर कोणीच काम केलेलं नाही’ — मग? (रॉम नावाच्या खेळण्याचा धडा)

सिनॉप्सिस लिहायला बसलेला प्रत्येक विद्यार्थी एक वाक्य हमखास लिहितो: ‘या विषयावर आजवर कोणीही काम केलेलं नाही.’ मीही लिहिलं होतं. माझ्या गाईडनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘मग?’ तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या अख्ख्या पहिल्या वर्षातली सगळ्यात कामाची सूचना तीच होती.

आज त्या ‘मग?’बद्दलच लिहायचंय, पण जरा आडवाटेने. विज्ञानकथांच्या कॉमिक्समधली, फारशी कोणाला ठाऊक नसलेली पात्रं असतात ना, त्यांच्या ॲक्शन फिगर जमवणारे लोक आहेत. सुपरमॅन, बॅटमॅन यांना नको असतात. त्यांना हवं असतं ते कोणाच्याच कपाटात नसलेलं पात्र. हसू नका. या मंडळींचा युक्तिवाद आणि आपल्या सिनॉप्सिसचा युक्तिवाद एकच आहे: कोणाकडे नाही, म्हणून मोलाचं. हा युक्तिवाद कुठे टिकतो आणि कुठे कोसळतो, ते एका खऱ्या उदाहरणावर तपासून बघू.

१९७९ साली पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने ‘रॉम’ नावाचं खेळणं बाजारात आणलं. कंपनी मोनोपॉलीसारख्या पटावरच्या खेळांची. ॲक्शन फिगरचा अनुभव नव्हता. रॉम म्हणजे एक चंदेरी अंतराळयोद्धा. दिवे लागायचे, आवाज यायचे, पण हातपाय फारसे हलायचे नाहीत. नावही संगणकाच्या ‘रीड ओन्ली मेमरी’वरून घेतलेलं. खेळण्याची जाहिरात व्हावी म्हणून मार्व्हलला कॉमिक काढायला सांगितलं गेलं. लेखक बिल मॅन्टलो यांनी त्या ठोकळ्याला एक जग दिलं: गॅलाडोर नावाचा ग्रह, तो वाचवण्यासाठी आपलं माणूसपण सोडून यंत्राच्या शरीरात गेलेला तरुण, आणि माणसांचं रूप घेऊन पृथ्वीवर लपलेले शत्रू. रॉम त्या शत्रूंना हुडकून आपल्या शस्त्राने दुसऱ्या मितीत पाठवतो. बघणाऱ्यांना मात्र तो भर रस्त्यात माणसं मारतोय असंच दिसतं. खेळणं लवकरच बंद पडलं. कॉमिक मात्र १९८६पर्यंत चाललं, पंचाहत्तर अंक.

आता प्रश्न असा: एवढं चाललेलं पात्र ‘अपरिचित’ कसं झालं? कथा वाईट होती म्हणून? अजिबात नाही. रॉमचं नाव आणि रूप खेळणीवाल्यांच्या मालकीचं, पुढे ते हॅस्ब्रोकडे गेलं. गॅलाडोर आणि तिथले बाकीचे योद्धे मार्व्हलच्या मालकीचे. करार संपल्यावर मार्व्हलला जुने अंक पुन्हा छापता येईनात, आणि रॉमच्या मालकांना ते जग वापरता येईना. २००० साली मार्व्हलने त्या योद्ध्यांवर छोटी मालिका काढली, तीही रॉमचं नाव न घेता. जुन्या अंकांचं जाडजूड संकलन शेवटी २०२४मध्ये आलं. मधली पिढी रॉमला ‘विसरली’ नाही. तिला तो वाचायलाच मिळाला नाही.

इथे माझा संग्राहकांवरचा पहिला आक्षेप. ते ‘दुर्लक्षित’ हा पात्राचा गुण समजतात, जणू ते पात्र जन्मतःच आडबाजूचं होतं. पण दुर्लक्ष आपोआप होत नाही. करार, छपाई, वितरण यांतून ते घडतं. तुमच्या विषयाचंही तेच आहे. एखाद्या लेखिकेवर काम झालेलं नाही, हे झालं निरीक्षण. का झालं नाही? पुस्तकं पुन्हा छापली गेली नाहीत? अभ्यासक्रमात लागली नाहीत? कागदपत्रं कोणाच्या तरी ट्रंकेत पडून आहेत? तुमचं संशोधन या प्रश्नांपासून सुरू होतं. नुसती रिकामी जागा दाखवून भागत नाही.

दुसरा आक्षेप जरा नाजूक आहे. संग्राहकांच्या बोलण्यात खेळणं म्हणजे कॉमिकची प्रतिकृती: आधी पात्र, मग बाहुली. रॉमच्या बाबतीत क्रम उलटा आहे, हे तुम्ही पाहिलंतच. ‘मायक्रोनॉट्स’ तर आणखी गमतीशीर. मूळ खेळणी जपानच्या ताकारा कंपनीची ‘मायक्रोमॅन’. १९७६पासून मेगो कंपनीने ती अमेरिकेत विकली. मॅन्टलोंनी १९७७च्या नाताळात आपल्या मुलाला मिळालेली ती खेळणी पाहिली, त्यांना कथा सुचली आणि १९७९मध्ये मार्व्हलचं कॉमिक आलं. त्यातला बॅरन कार्झा खेळण्यातून आला. पण बग हे पात्र कॉमिकसाठी तयार झालं होतं, त्यामुळे ते मार्व्हलकडेच राहिलं आणि पुढे २००८च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ मालिकेतही दिसलं. म्हणजे एकाच कॉमिकमधल्या दोन पात्रांचं नशीब, त्यातलं कोण आधी प्लास्टिकचं होतं यावर ठरलं! ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ हे शब्द वापरण्याआधी क्रम तपासा. नाटक-सिनेमा, कादंबरी-मालिका यांवर काम करणाऱ्यांनी तर दोनदा तपासा.

तिसरा आक्षेप सीलबंद खोक्यावर. या छंदात न उघडलेल्या खोक्याला सगळ्यात जास्त मान, आणि किंमतही. पण विचार करा, न उघडलेलं खेळणं म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलंच नाही ते. अशा पन्नास खोक्यांवरून ‘त्या काळची मुलं काय खेळत’ असा निष्कर्ष काढला, तर तो कोणाबद्दल असेल? न खेळलेल्या खेळण्यांबद्दल. झिजलेला अंगठा, हरवलेली बंदूक, पाठीवर पेनने लिहिलेलं नाव यांतच मुलांचा पुरावा असतो, आणि बाजार नेमका तोच ‘खराब माल’ म्हणून बाजूला काढतो. आपल्या अभिलेखागारांतही हेच होतं. स्वच्छ, पूर्ण, प्रतिष्ठित कागद टिकतात. वापरून फाटलेले जात नाहीत तिथे. तुमचं सॅम्पल तुमच्यापर्यंत कोणत्या चाळणीतून आलंय, हे व्हायवाला विचारणारच. आधी स्वतःला विचारून ठेवा.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही समीक्षा होणार नाही, नुसती टिंगल होईल. पुराव्याच्या बारकाव्यात हे संग्राहक आपल्यापैकी कित्येकांना मागे टाकतील. एक उदाहरण देतो. खेळण्याच्या पायावर किंवा पाठीवर साल कोरलेलं असतं. नवशिका म्हणतो, ‘हे त्या साली बनलं.’ मुरलेला संग्राहक सांगेल, नाही, ते स्वामित्वहक्काचं साल आहे. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं वापरला जाऊ शकतो. मग तो प्लास्टिकचा रंग, देशाचं नाव, खोक्याची छपाई असं सगळं ताडून तारीख काढतो. कॉमिकचंही तसंच: मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे विक्रीचा महिना नव्हे, अंक त्याच्या दोन-तीन महिने आधीच दुकानात आलेला असतो. मी स्वतः एका जुन्या मासिकाच्या बाबतीत मुखपृष्ठावरचा महिना डोळे झाकून खरा धरला होता आणि एक पूर्ण कालपट पुन्हा करायला लागला. त्याला साधनचिकित्सा म्हणतात. पुस्तकात वाचली होती, पण कळली तेव्हा.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. कपाटात पात्र दिसतं, ते घडवणारा माणूस दिसत नाही. जॅक कर्बी यांनी १९७०-७१मध्ये डीसीसाठी डार्कसाइड, ओरायन वगैरे पात्रं घडवली. ‘न्यू गॉड्स’ मालिका १९७२मध्ये बंदही झाली. ऐंशीच्या दशकात केनर कंपनीच्या ‘सुपर पॉवर्स’ खेळण्यांत ती पात्रं आली, तेव्हा डीसीने कर्बींना त्यांची रूपं नव्याने आखायला दिली, आणि त्या निमित्ताने त्यांना रॉयल्टी मिळू शकली. म्हणजे ज्याला आपण ‘रूप बदललेली आवृत्ती’ म्हणून नाक मुरडू, तिच्यामागे एका वयस्क चित्रकाराच्या हक्काचे पैसे होते.

आणि मॅन्टलो? रॉकेट रकून हे पात्र त्यांनी कीथ गिफन यांच्यासोबत १९७६मध्ये निर्माण केलं. बरीच वर्षं तेही ‘अपरिचित’ याच यादीत होतं. १९९२मध्ये एका गाडीने धडक दिल्याने मॅन्टलोंच्या मेंदूला कायमची इजा झाली. नंतरचं आयुष्य शुश्रूषेत गेलं. २०१४च्या सिनेमानंतर रॉकेटच्या बाहुल्या जगभर विकल्या गेल्या. त्या विकत घेणाऱ्या किती जणांना मॅन्टलो हे नाव माहीत असेल? दुर्मिळ वस्तू जपली, पण तिच्यामागचं माणूस हरवलं, तर नेमकं काय जपलं आपण?

तर, परत त्या समासातल्या ‘मग?’कडे. माझं आजचं उत्तर असं: ‘कोणी काम केलेलं नाही’ हे वाक्य खोडू नका, पण तिथे थांबूही नका. पुढची तीन वाक्यं लिहा. हे आजवर दिसलं का नाही? जे टिकलं ते कोणी, कशासाठी टिकवलं? आणि हे दाखवल्याने कोणाबद्दलची आपली समज बदलेल?

पहिली दोन वाक्यं लायब्ररीत बसून लिहिता येतील. तिसरं अडलं, तर विषय बदलण्याची घाई करू नका. त्या विषयामागे कोण माणूस आहे, ते आधी शोधा. मला ते सापडायला वेळ लागला, पण सापडल्यावर सिनॉप्सिस आठवडाभरात पूर्ण झाला. यावेळी समासात काही लिहिलेलं नव्हतं, फक्त सही होती.