एकाच अल्बमचा बँड: यंग मार्बल जायंट्स

आजचा विषय जाहीर केला तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं, ‘एकच अल्बम काढून फुटलेल्या बँडवर बोलण्यासारखं काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. त्याला एक तयार उत्तर असतं: लवकर संपले म्हणून थोर ठरले. मला ते मान्य नाही. अल्पायुष्य हा काही गुण नव्हे. त्या काळात ब्रिटनमध्ये कितीतरी बँड निघाले आणि विरले, ते सगळे आपण ऐकत नाही. मग हाच का ऐकतो?

आधी थोडक्यात हकिकत. वेल्समधलं कार्डिफ शहर, साल 1978. स्टुअर्ट मॉक्सम गिटार आणि ऑर्गन वाजवायचा, त्याचा भाऊ फिलिप बास, आणि गायला ॲलिसन स्टॅटन. बँडचं नाव ग्रीक शिल्पांवरच्या एका पुस्तकातून उचललेलं. नाव संगमरवरी राक्षसांचं, आवाज मात्र शेजारच्या खोलीतून यावा इतका लहान! लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र कंपनीनं 1980 मध्ये त्यांचा ‘कोलोसल यूथ’ काढला. मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रित झालेली पंधरा गाणी.

आता ऐकताना काय होतं ते बघा. ड्रमर नाही. घरी बनवलेल्या ताल-यंत्राचा आवाज कॅसेटवर भरून घेतलेला, तोच टिकटिकत राहतो. स्टुअर्ट तारांवर तळहात दाबून वाजवतो, त्यामुळे सूर उमटतो न उमटतो तोच विझतो. गिटार अशी मागे सरकली की चाल पुढे न्यायचं काम बासवर येतं. आणि या सगळ्यात पुष्कळ जागा रिकामी राहते. पंकनं शिकवलं होतं की वाजवता येत नसलं तरी वाजवा, मोठ्यानं वाजवा. यांनी त्यातलं ‘मोठ्यानं’ तेवढं गाळलं.

ॲलिसनच्या गाण्याला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. ती स्वतःशीच बोलल्यासारखी गाते, हे खरं. पण ‘ब्रँड न्यू लाइफ’ ऐका. नातं तुटल्यानंतरचं गाणं आहे. तिथे ती एकदाही गळा काढत नाही. दुःख आपल्यावर लादत नाही, म्हणून ते आपल्याला शोधावं लागतं. ही उणीव नाही, निवड आहे.

याची कसोटी लागते ‘फायनल डे’ या त्याच वर्षीच्या गाण्यात. अणुयुद्धात कसं वाचावं याची पुस्तिका ब्रिटिश सरकार 1980 मध्ये छापत होतं, तो हा काळ. गाणं दोन मिनिटांचंही नाही. एक बारीक, उंच स्वर सुरुवातीपासून चालू असतो, त्याच्यावर ॲलिसन जगाचा शेवट अगदी साध्या आवाजात सांगते. स्फोट ऐकूच येत नाही. म्हणूनच भीती वाटते.

उलट तपासणीही करू. 1994 मध्ये ‘होल’ या अमेरिकन बँडनं यांचं ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ गायलं. प्रत्येक फट गिटारच्या गर्जनेनं भरलेली. गाणं टिकतं, म्हणजे मुळात बांधणी पक्की होती. पण मूळ गाण्यातला संकोच, तो ताण मात्र निघून जातो.

सगळंच ग्रेट होतं असंही नाही. 1981 ची ‘टेस्टकार्ड’ ही नुसत्या वाद्यसंगीताची तबकडी मला वहीतल्या सरावासारखी वाटते. आवाज वजा केला की मोकळी जागा नुसती मोकळी राहते.

ती तबकडी आली तोवर बँड फुटलेला होता. गाणी बहुतेक स्टुअर्टची, ओळख मात्र ॲलिसनच्या आवाजाची. यातले ताण त्यानं पुढे मुलाखतींत मान्य केले आहेत. ॲलिसन ‘वीकेंड’मध्ये गेली, स्टुअर्टनं ‘द जिस्ट’ काढला. दोन्हींत चांगली गाणी आहेत, पण एकाला लपायला जागा न देणारी ती तिघांची रचना पुन्हा जमली नाही.

तेव्हा त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं: हा बँड अर्धवट राहिला म्हणून हळहळू नका. घरी जाऊन पंधराही गाणी सलग ऐका, आणि एखाद्या गाण्यात आणखी काय घालता आलं असतं ते मला पुढच्या वेळी सांगा.