‘स्प्रे’ गलबतावरील एकट्याचा संसार

समुद्रप्रवासाचे पुस्तक हाती घेतले की वाचक वादळाची वाट पाहू लागतो. जोशुआ स्लोकम याने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या गलबतातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचा वृत्तान्त ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ या नावाने १९०० साली प्रसिद्ध झाला. आम्हीही तो प्रथम वादळांसाठीच वाचला. परंतु दुसऱ्या वाचनात आमचे मन रमले ते डागडुजीत, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

फेअरहेवन येथे शेतात टेकू देऊन ठेवलेले एक जुनाट गलबत स्लोकमने तेरा महिने खपून जवळजवळ नव्याने बांधले. साहित्याचा खर्च तो ५५३ डॉलर ६२ सेंट असा पैपैसह देतो. सोबतची होडी डेकवर मावेना, तेव्हा त्याने ती मधोमध कापून अर्धीच घेतली. तीच पुढे कपडे धुण्याचे टोपलेही झाली. तबकडी फुटलेले एक पत्र्याचे घड्याळ त्याने डॉलरभर किमतीस घेतले व पुढे ते बिघडले तेव्हा चक्क पाण्यात उकळून चालते केले! गृहस्थाने घरातील मोडतोडीविषयी बोलावे, त्याच सुरात हा मनुष्य महासागराविषयी बोलतो.

संकटातही हा सूर ढळत नाही. अझोर्स बेटांजवळ आलुबुखार व चीज खाऊन पोटात असह्य कळा येतात, तो केबिनच्या जमिनीवर निपचित पडतो, आणि तापाच्या भरात त्याला सुकाणूवर कोलंबसाच्या ताफ्यातील नावाडी दिसतो. उरुग्वेच्या किनाऱ्याशी गलबत रुतले असता होडी उलटते. तेव्हा त्यास आठवते की, आपणांस पोहता येत नाही! मार्च १८९६ मध्ये मॅगेलनच्या सामुद्रधुनीबाहेर पडताच वादळाने त्यास केप हॉर्नकडे हाकलले. शिडाच्या चिंध्या झाल्या, आणि रात्रभर तो फेसाळत्या खडकांमध्ये सापडला. या रात्रीचे वर्णन पुस्तकात सर्वोत्कृष्ट आहे. लगेच तो दाभण-दोरा घेऊन शिडे शिवण्यास बसतो.

याच सुराबद्दल आमची तक्रारही आहे. डेकवर बारीक खिळे पसरून तो झोपतो व रात्री चढून आलेले टिएरा डेल फ्यूगोचे अनवाणी रहिवासी किंचाळत पळतात, हा प्रसंग वाचताना हसू येते; पण गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच काळात त्या लोकांची भूमी बळकावली होती, याचा विचार या विनोदास शिवतही नाही. दुसरी उणीव अधिक खोल आहे. स्लोकम व त्याची प्रथम पत्नी व्हर्जिनिया यांचा तेरा वर्षांचा संसार जहाजांवरच झाला, आणि १८८४ साली ब्वेनोस आयरेस येथे जहाजावरच ती वारली. त्याच बंदरात ‘स्प्रे’ नांगर टाकते, जुन्या ओळखीपाळखी निघतात. तिच्याविषयी मात्र एक अक्षर नाही. हा संयम की पलायन, याविषयी आमच्या घरातच दोन मते आहेत. आम्हांस तो संयम वाटतो. मात्र हे ठाऊक झाल्यावर सुकाणू बांधून, दिवस दिवस पुस्तके वाचीत बसलेल्या स्लोकमचे चित्र पूर्वीइतके प्रसन्न वाटत नाही.

शिडे व दोरखंड यांची नावे ज्यांस अपरिचित आहेत, त्यांनी शेवटच्या परिशिष्टातील गलबताच्या आकृत्या आधी पाहाव्यात.